आधी सूर्याला दाखवू

काचेची बारकी नळी डोळ्यासमोर उंच धरायची, डावा डोळा मिटायचा, तोंड जरासं उघडं ठेवायचं आणि म्हणायचं, "थांबा. आधी सूर्याला दाखवू."

कळस, शेळगाव, अंथुर्णे या पट्ट्यात नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला तुम्ही राहिला असाल, तर हा माणूस तुम्ही बघितला असणार. डोक्याला पांढरा रुमाल, सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेली लाकडी पेटी. नळावर बाया पाणी भरताना दिसल्या की हे उतरलेच. कुणाच्याही घागरीतलं घोटभर पाणी मागायचे, नळीत घ्यायचे, पेटीतल्या बाटलीचे दोन थेंब त्यात सोडायचे आणि नळी सूर्याकडं धरायचे. पाणी पिवळं झालं की टाकीत जंतू मारायची पावडर पडली, असं समजायचं. होतं तसंच राहिलं, तर पडली नाही.

गावात सगळे त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे. ते डॉक्टर नव्हते, सरकारी आरोग्यसेवक होते. पण आमच्याकडं सुई दिसली की डॉक्टर आणि फाईल दिसली की साहेब. यांच्याकडं नळी होती, म्हणून ते पाण्याचे डॉक्टर.

आणि टाकीत पावडर टाकायचं काम माझं होतं. बारावीला इंग्रजीनं मला अडवलं, तेव्हा घरच्यांनी ग्रामपंचायतीत चिकटवलं. ओढ्याकाठची विहीर, तिच्यावरची मोटर, माळावरची टाकी आणि गावातली पाच नळकोंडाळी, एवढं माझं राज्य. लग्न झालेलं, तीन वर्षांची लेक, आणि गावात मला ओळखायचे 'पाणी सोडणारा' म्हणून. पाणी आलं तर कुणी नाव काढायचं नाही. नाही आलं तर थेट आईबापाचा उद्धार व्हायचा.

पावडर कशी टाकायची, हे डॉक्टरांनी मला स्वतः बादली घेऊन शिकवलं. पावडर पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि अर्धा तास नळ सोडायचे नाहीत. "गड्या, ह्यो अर्धा तासच खरा इलाज हाय," ते म्हणायचे. मला तो अर्धा तास फार जड जायचा. खाली नळावर बाया घागरी वाजवायला लागायच्या, आणि त्यांत पहिली घागर माझ्या आईची असायची.

आईचं आणि त्यांचं जुनं भांडण होतं.

"डॉक्टर, तुमच्या पावडरीनं च्या नासतो बघा."

"च्या नासू द्या मावशी. प्वॉट नासाय नको."

"देवावर पाणी घालायचं म्हणलं तरी वास मारतंय."

"देवाला मी सांगतो समजावून. तुमी घागर भरा."

कुणाच्या घरी चहा घ्यायचा तरी आधी त्यांची नळी निघायची. एकदा आमच्या भावकीतल्या लग्नात ते पंगतीला बसले आणि समोरच्या पेल्यातलं पाणी नळीत ओतून वर धरलं. पाहुण्यांकडचा मामा उठला, "आमच्या मुलीच्या लग्नात इख तपासता व्हय?" म्हणून. सगळी पंगत थांबली. हे शांतपणे म्हणाले, "न्हाय पाव्हणं, इख न्हाय ना ते बघतोय." पिवळं निघालं तेव्हा कुठं त्यांनी जिलेबीला हात लावला.

आम्ही हसायचो. पण एका गोष्टीला कुणी हसायचं नाही. पलीकडच्या एका वस्तीवर पूर्वी हगवणीची साथ आली होती. तिथल्या आडात पावडर पडलीच नव्हती. डॉक्टरांनी गोठ्याच्या आढ्याला सलाईनच्या बाटल्या टांगून माणसं वाचवली, पण एक पोरगी हाती लागली नाही. त्यानंतर त्या वस्तीवर गेले, की ते आधी त्या पोरीच्या घरचं पाणी तपासायचे. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्या घरच्या माणसानं सांगितलं. मला ते एवढंच म्हणाले होते, "आमचं म्हातारं जन्मभर मेंढरामागं फिरलं. मेंढरू बी पाणी हुंगून पितं गड्या. माणूस तेवढं बी करत न्हाय."

आता माझा पराक्रम सांगतो.

यात्रा तोंडावर आली होती. यात्रेत कबड्डीचे सामने, आणि कबड्डीच्या संघात मी. संघात म्हणजे, कुणाचा गुडघा फुटला तर आत घेण्यापुरता. दोन दिवस आधी सरावासाठी मैदान आखायला घेतलं आणि अर्ध्यात चुन्याची फक्की संपली. सरपंच तात्या काठीवर हनुवटी टेकून बघत उभे होते.

"अरं, त्या पंचायतीच्या खोलीत पांढरं पोतं हाय की."

"तात्या, ती पाण्याची पावडर हाय."

"पांढरं ते पांढरं. मार रेघा."

तात्यांनी सांगितलं म्हणून मी केलं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मलाच हौस होती. सगळं पोतं मी त्या मैदानावर ओतलं. रेघा अशा झळझळीत उठल्या, की तालुक्यात तसं मैदान नसेल. फक्त सराव सुरू झाल्यावर एक घोटाळा झाला. चढाईला गेलेला गडी 'कबड्डी, कबड्डी' म्हणत श्वास ओढायचा आणि खोकत, डोळे चोळत परत यायचा. त्याला कुणी हात लावायचीही गरज पडायची नाही. आमच्या संघाला वाटलं, आपला बचाव फार भारी झाला.

टाकीत त्या दिवशी पावडर पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. आणि त्याच सकाळी यात्रेआधीची तपासणी करायला डॉक्टर आले.

"आण गड्या पाणी."

नेहमी मीच पेला भरून द्यायचो. पोतं झटकून निघालेली चिमूटभर पावडर मी कागदात जपून ठेवली होती. ती पेल्यात टाकली, बोटानं ढवळली आणि पेला त्यांच्या हातात दिला. बोट पाठीमागं धोतराला पुसलं म्हणायला हवं, पण मी पँट घालत होतो, पँटला पुसलं.

"आधी सूर्याला दाखवू."

दोन थेंब पडले. पाणी पिवळं झालं नाही, पार नारिंगी झालं; एका पेल्याला ती चिमूट फारच झाली होती. त्यांनी नळी वर धरली ती कितीतरी वेळ तशीच धरली. मिटलेला डोळाही उघडला. मग नळी रिकामी केली, पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं.

"आज मावशीच्या हातचं पाणी पिऊ," ते म्हणाले.

घरी आले. आईनं माठातला तांब्या भरून पुढं केला आणि थट्टेनं म्हणाली, "काढा की तुमची नळी."

"नळी कशाला? पाणी तुमच्या लेकानं सोडलंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चांगलं हाय न्हवं?"

तेव्हा मी एक शब्द बोलायला पाहिजे होता. मी मान हलवली. व्हय म्हणून.

त्यांनी तांब्या वर धरून निम्मा केला, थांबले, उरलेलाही संपवला. माझी लेक उंबऱ्यात बसून त्याच माठातलं पाणी भातुकलीच्या पेल्यातून पीत होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते बाहेर पडले आणि सायकलवर बसले.

मी फाट्यावरच्या कालव्याच्या पुलापर्यंत पळालो. इतका पळालो, की कबड्डीत कधी एवढा पळालो नव्हतो.

"डॉक्टर, पावडर न्हाय टाकीत! पोतं मैदानावर गेलं!"

त्यांनी एक पाय खाली टेकला. "ठावं हाय. तुमच्या मैदानाला पावडरीचा वास येतोय आन नळाला येत न्हाय. आन नळाला पाणी नारिंगी कधी येतं का रं?"

"मग प्यालात कशाला?"

"तुझी आई पितीया, लेक पितीया. उद्या आख्खी यात्रा प्यायची. त्यात माझा एक तांब्या." मग आवाज जरा चढला. "तोंड उघडायला तुला पुलापातूर लागलं!"

एवढंच. मला कॅरिअरवर पेटी मांडीवर घेऊन बसवलं आणि आरोग्य उपकेंद्रावर नेलं. तिथून पोतं आणलं. विहिरीत, टाकीत, सगळीकडं आम्ही दोघांनी निवळी ओतली. तो अर्धा तास आम्ही टाकीखाली बसून काढला. खाली घागरी वाजत होत्या. मी जागचा हललो नाही. मग पाचही नळकोंडाळ्यांवर नळी सूर्याला दाखवली, ती त्यांनी माझ्या हातानं. पाचही ठिकाणी पिवळं.

यात्रेला आलेल्या कुणाला काही झालं नाही. माझ्या लेकीला मात्र दोन दिवस जुलाब झाले. डॉक्टरांनी दिलेल्या मीठ-साखरेच्या पुड्यांवर ती सावरली. तिच्या उशाशी बसून मी काय काय कबूल केलं, ते तिला आठवत नाही, हे बरं.

आणि डॉक्टर यात्रेच्या दिवशी टाकीखाली घोंगडीवर आडवे. दर थोड्या वेळानं डबा घेऊन ज्वारीच्या रानात. तात्या चार माणसं घेऊन आले आणि खदाखदा हसले, "आरं, पाण्याचं डॉक्टरच लागलं की पळाय! काय प्यालात डॉक्टर?"

मी शेजारीच उभा होतो. त्यांच्या एका शब्दावर माझी नोकरी होती.

"काय न्हाय तात्या," ते म्हणाले, "बाहिरची भजी खाल्ली. जीभ ऐकत न्हाय." आणि तेही सगळ्यांबरोबर हसले. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू आहे.

पुढं त्यांची बदली झाली. निरोप घ्यायला ते आमच्या घरी आले. आईनं माठातला तांब्या पुढं केला. एवढं सगळं होऊन गेलेलं, त्यानंतर दोन वर्षं मी एक दिवस चुकलो नव्हतो. मला वाटलं, आज तरी हे माझ्या शब्दावर पितील. त्यांनी पेटी उघडली.

"डॉक्टर, आज बी?"

"शब्दावर एकदा प्यालो की गड्या. तेवढं बास." नळी वर गेली, डोळा मिटला. "आधी सूर्याला दाखवू." पिवळं निघालं. मग दोन तांबे प्याले.

त्यानंतर ते त्या रस्त्यानं आले नाहीत. मीही पुढं पंचायत सोडून बारामतीत हार्डवेअरचं दुकान टाकलं. नळाच्या तोट्या विकतो, म्हणजे फार लांब गेलो नाही. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून ते गेल्याचं कळलं. दहाव्याला त्यांच्या गावी गेलो. ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून दिला.

मी तो घेतला, उठलो, दारात गेलो, तांब्या उंच सूर्याकडं धरला आणि डावा डोळा मिटला.

तांब्या स्टीलचा होता. त्यातून काय दिसणार, डोंबल! सगळं घर माझ्याकडं बघत होतं. हात खाली घ्यावा की नाही, हे मला कळेना. तेवढ्यात त्या माउलीनं डोळ्याला पदर लावला आणि पदराआडून म्हणाली, "प्या. सकाळीच तपासलंय. त्यांची नळी हाय घरात."