वारंगा फाट्यापासून चौदा सेकंद

हदगावच्या एका छोट्या कॉलेजात दगडोबा गेली सत्तावीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतात. सांगून खरं वाटणार नाही, पण त्या कॉलेजातलं एकमेव चालू घड्याळ म्हणजे दगडोबाच. दर्शनी भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे, पण ते माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेलं असल्यामुळे काढता येत नाही, आणि चालत तर नाहीच. तास संपायला किती वेळ आहे हे विचारायला प्राध्यापक मंडळी प्रयोगशाळेत डोकावतात. दगडोबा हातातली नळी खाली न ठेवता सांगतात, अजून चार मिनिटं. आणि ती चारच असतात.

हा गुण त्यांना बसमध्ये लागला. तरुणपणी सहा वर्षं ते एका शेटच्या मिनीबसवर कंडक्टर होते, नांदेड ते हदगाव. वाटेत वारंगा फाट्यावर खिचडी खायला बस दहा मिनिटं थांबायची. एकदा शेटचे सख्खे मेहुणे दुसरी प्लेट मागवून बसले होते. दहा मिनिटं झाली, दगडोबांनी बेल मारली आणि बस निघाली. मेहुणे प्लेटसकट धावले, पण खिचडी गरम होती आणि मेहुणे वजनदार. दुसऱ्या दिवशी दगडोबांची नोकरी गेली. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई हा किस्सा आजही पाहुण्यांना सांगतात आणि शेवटी कपाळाला हात लावतात. दोन मिनिटं थांबलं असतं तर काय बिघडलं असतं, हे त्यांना अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

पुढे कॉलेजात मुलींचा बास्केटबॉलचा संघ निघाला. सामन्यात वेळ लावणाऱ्याच्या खुर्चीवर बसायला कुणी पुढे येईना, कारण त्या खुर्चीला सावली नव्हती. दगडोबा बसले ते बसलेच. वर्षातले जेमतेम दहा-बारा दिवस, पण त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालत. एरवी कुणीही यावं आणि 'ए दगडोबा, चहा सांग' म्हणावं. खुर्चीवर बसल्यावर मात्र पंचसुद्धा त्यांच्याकडे बघून मगच शिट्टी मारायचा. त्या खुर्चीत त्यांचा जीव होता. आयुष्यात दुसरं काही त्यांनी कधी कुणाकडे मागितलं नाही.

यंदाचा हंगाम दोन कागदांनी सुरू झाला. पहिला कागद विद्यापीठाचा, नियमबदलाचा. आजवर आमच्या भागात चेंडू हाती आल्यावर किती वेळ काढायचा याला काही धरबंधच नव्हता. दोन गुणांची आघाडी मिळाली की मुली चेंडू आपापसांत असा फिरवत बसत, की हळदीकुंकवाचं तबक फिरतंय असं वाटावं. आता हुकूम आला की चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे फेकलाच पाहिजे, नाहीतर तो समोरच्यांना जाईल. फेकलेला चेंडू रिंगला लागून पुन्हा आपल्याच हाती आला, तर पुढे चौदाच सेकंद मिळतील. यासाठी विजेवरचं घड्याळ लावावं. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांनी या वर्षापुरता एक माणूस नेमावा आणि त्याने सर्वांना ऐकू जाईल असे सेकंद मोजावेत.

दुसरा कागद प्राचार्य रेणुकादास सरांचा. सर रोज नांदेडहून गाडीने येतात आणि येताना एक नवा तक्ता घेऊन येतात. या तक्त्याचं नाव होतं 'हंगामपूर्व अपेक्षापत्र', तीन प्रतींत. क्रीडाशिक्षक सर्वेश सर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तास संपला की तेही संपतात. त्यांनी भीतभीत 'उपांत्य फेरी' असं लिहिलं. प्राचार्यांनी ते खोडून 'विजेतेपद' लिहिलं. अपेक्षा करायला काय जातंय, असं त्यांचं म्हणणं. दगडोबांच्या रकान्यात दगडोबांनी लिहिलं, 'वेळेवर सुरू, वेळेवर बंद.' प्राचार्यांना हे फारच थोडं वाटलं.

त्या वेळी कोर्टाच्या अर्ध्या भागावर संस्थेच्या अध्यक्षांचं सोयाबीन वाळत पडलेलं होतं आणि मुली उरलेल्या अर्ध्यात सराव करत होत्या. पण बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला होता, 'भावी विभागीय विजेते'. त्यावर अध्यक्षांचा फोटो दारासारखा, प्राचार्यांचा खिडकीसारखा आणि बारा मुलींचे फोटो पोस्टाच्या तिकिटासारखे. अध्यक्ष स्वतः अकरा वर्षं फ्लेक्सवर 'भावी आमदार' आहेत, त्यामुळे भावी असण्यात काही कमी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

सेकंद मोजायचं काम अर्थातच दगडोबांकडे आलं. आणि इथे एक अडचण निघाली. दगडोबांना अंक मोजता येईनात. म्हणजे येत होते, पण खेळ रंगात आला की जीभ सुटायची. बारा-तेरा कुठे गेले कळायचं नाही आणि चोवीस अठरा सेकंदांतच यायचे. दोन दिवस ते अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी नळ्या धुताना त्यांच्या तोंडून सवयीने जुने थांबे निघाले, नांदेडपासून हदगावपर्यंत. सहा वर्षं ज्या चालीत ओरडले होते त्याच चालीत. त्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. चोवीस थांबे, चोवीस सेकंद. तीस वेळा करून बघितलं, तीसही वेळा तेवढेच भरले.

"अंक पळतेत," त्यांनी सर्वेश सरांना सांगितलं, "गावं पळत न्हाईत."

मग चार महिने सराव असा चालला. दगडोबा खुर्चीवर बसून पुकारत, नांदेड, अर्धापूर, पुढची सगळी गावं, फाटे, पाट्या. चौदा सेकंदांचा डाव असला की वारंगा फाट्यापासून सुरू. एकविसावा थांबा मानाठा. मानाठ्यानंतर पूल, पंप आणि हदगाव. हदगाव म्हणताच हात वर, चेंडू गेला. संघाची कर्णधार श्रद्धा भोकर फाट्याकडची होती, रोज त्याच रस्त्याने कॉलेजला यायची. तिने मुलींना सांगून ठेवलं की मानाठा आला की डोळे मिटून चेंडू टाकायचा. मुलींच्या हातापायांत तो रस्ता इतका मुरला की मानाठा म्हटलं की चेंडू आपोआप सुटायचा.

आणि मग आक्रीत घडलं. संघ खरोखरच जिंकत गेला. अपेक्षापत्रात लिहिलेलं खरं होतंय हे बघून सगळ्यात जास्त प्राचार्यच घाबरले. अंतिम सामना हदगावलाच, लातूरच्या एका कॉलेजाशी. आदल्या दिवशी प्राचार्यांनी दगडोबांना केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. चहा आला, तोही कपबशीत. इकडचं तिकडचं झाल्यावर सर म्हणाले, "दगडोबा, उद्या अगदी गरज पडली, तर तुमची बस जरा थांबत-थांबत आली तरी चालेल. कुणाच्या लक्षात येतंय? ती खुर्ची पुढेही तुमचीच राहावी, असं मला मनापासून वाटतं."

दगडोबांनी कप उचलला, चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि ते बाहेर आले. रात्री जेवताना त्यांनी मनकर्णाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आता तरी दोन मिनिटं थांबायला शिका. दोन मिनिटं न्हाईत, दोन सेकंद हायेत, असं दगडोबा म्हणाले. मग तर बरंच सोपं हाय, असं म्हणून त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

सामन्याला गाव लोटलं. सोयाबीन उचललं होतं. लातूरचे क्रीडाशिक्षक गुरुपादप्पा यांनी पहिल्याच मिनिटाला हरकत घेतली की हे सेकंद आहेत की बसचं वेळापत्रक. पंचांनी नियमांचा कागद काढला. त्यात 'सर्वांना ऐकू जाईल असे सेकंद मोजावेत' एवढंच होतं. काय म्हणून मोजावेत, याबद्दल विद्यापीठ गप्प होतं. हरकत फेटाळली. पण लातूरच्या मुली त्या लातूरच्या मुली. त्यांच्या कर्णधाराने पहिल्या दहा मिनिटांत सगळे थांबे तळहातावर लिहून घेतले आणि मध्यंतरापर्यंत पाचही जणींचे क्रमवार पाठ झाले. परीक्षेला आलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

शेवटचे अठरा सेकंद उरले तेव्हा लातूर एका गुणाने पुढे होतं. श्रद्धाने चेंडू फेकला, तो रिंगला लागून उडाला आणि पुन्हा तिच्याच हातात आला. नव्या नियमाने चौदा सेकंद. दगडोबांनी पुकारलं, "वारंगा फाटा." प्राचार्य त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले होते, खाकरण्याचा आवाज आला.

गावं जात राहिली. श्रद्धा एकीला चुकवून आत शिरली, समोर दुसरी आली, ती मागे फिरली. मानाठा आला. चेंडू सुटला नाही. श्रद्धाने दगडोबांकडे बघितलं आणि ती हसली, अगदी निवांत, आणि जागा नीट धरायला चेंडूचा आणखी एक टप्पा घेतला. दगडोबांना त्या हसण्याचा अर्थ लागेना. थांबावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं. चार महिने उन्हात बघितलेली पोर होती ती. पण पूल आला, पंप आला, आणि ज्या चालीत सहा वर्षं आलं होतं त्याच चालीत हदगाव आलं. दगडोबांचा हात वर गेला. त्यानंतर सुटलेला श्रद्धाचा चेंडू कुठेही न लागता जाळीतून खाली पडला. गाव नाचायला लागलं होतं. पंचाची शिट्टी वाजली, गुण नाही, चेंडू लातूरला. उरलेले तीन सेकंद त्यांनी सहज काढले आणि विजेतेपद लातूरला गेलं.

दुसऱ्या दिवशी श्रद्धा प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, म्या मानाठ्यालाच टाकणार होते. पण प्राचार्य सर आम्हाला म्हणले होते, घड्याळाचं टेन्शन घेऊ नका, मामा आपले हायेत, बस थांबवतील."

दगडोबांच्या हातातली नळी तशीच राहिली. ते म्हणाले, "चार महिने माझ्या गाडीत बसलीस पोरी. कधी थांबली का?"

"न्हाई."

"मग सरांचं कामून ऐकलंस?"

श्रद्धा दारातूनच मागे फिरली. ती गेल्यावर दगडोबांना फार वाईट वाटलं. आपण तिच्यासाठी न थांबल्याचं नाही. आपल्यावरचा तिचा चार महिन्यांचा भरवसा कुणीतरी एका वाक्यात बदलून टाकला, याचं.

प्राचार्यांनी 'अपेक्षापूर्ती अहवाल' भरला आणि कारणाच्या रकान्यात 'घड्याळ' एवढंच लिहिलं. दगडोबांना आभाराचं पत्र मिळालं, त्यात प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना मैदानावरच्या जबाबदारीतून मुक्त केलं होतं. आपल्या प्रकृतीला काय झालंय, हे त्यांना त्या पत्रावरूनच कळलं. गावाने ठरवून टाकलं की दगडोबा लातूरला मिळालेले. फ्लेक्स मात्र निघाला नाही. 'विजेते'च्या खाली 'पुढील हंगाम' अशी पट्टी चिकटवली, काम भागलं. विजेवरचं घड्याळ आलं, अध्यक्षांनी नारळ फोडला आणि लाल आकडे पळू लागले.

महिन्याभराने लातूरहून गुरुपादप्पांचा फोन आला. पुढच्या वर्षी स्पर्धा लातूरला घ्यायची म्हणतोय, वेळेच्या खुर्चीवर तुम्हीच पाहिजे, येण्याजाण्याला गाडी पाठवतो, असं ते फार आदराने बोलले. दगडोबांचा ऊर भरून आला. इस्त्रीचा शर्ट डोळ्यांसमोर आला. मग गुरुपादप्पा हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही आमची बाजू राखलीत. आम्ही विसरलो न्हाई."

"सर," दगडोबा म्हणाले, "आमची गाडी लातूरला जात न्हाई." आणि फोन ठेवला. मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला, पण उठून चहा टाकला.

पुढच्या हंगामात डिसेंबरातल्या एका दुपारी सराव चालू असताना वीज गेली. लाल आकडे विझले. दगडोबा खिडकीपाशी नळ्या धूत होते. आता सराव बंद पडणार, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात कोर्टावरून श्रद्धाचा आवाज आला, "वारंगा फाटा." मग दुसरीचा, मग सगळ्या मिळून, एकेक गाव, त्यांच्याच चालीत, ना पुढे ना मागे. मानाठा आला आणि चेंडू सुटल्याचा आवाज झाला.

त्या पुन्हा वारंग्याला आल्या, पुन्हा मानाठ्याला पोचल्या. दगडोबा नळ तसाच वाहता ठेवून ऐकत राहिले. त्या दिवशी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच रसायनशास्त्राचा तास सहा मिनिटं उशिरा सुटला.