पानपुशी काकी

आमची शेजारीण स्वतःचं तोंड धुवायच्या आधी झाडांची तोंडं धुवायची. खरंच सांगते. डिचोलीकडचा आमचा गाव खाणीच्या रस्त्यावरचा. खनिजाचे ट्रक दिवसभर जायचे आणि जास्वंद काय, पपई काय, सगळं एकाच तांबड्या रंगाचं होऊन जायचं. काकी जुन्या लुगड्याचा ओला तुकडा घेऊन एकेक पान वरून-खालून पुसायची. पोरांनी तिचं नाव ठेवलं पानपुशी. तिला त्याचा राग नव्हता. "मेल्यांनो, तुमची नाकां कोण पुसता ता सांगा आधी," म्हणायची.

ती दोडामार्गाकडची, नवऱ्याबरोबर खाणीवर मजुरीला आलेली. नवरा गेला, मुलगा मुरगावच्या बंदरावर कामाला लागला, आणि हिने घरामागच्या कातळावर टोपली टोपली माती आणून बाग केली. बागेबद्दल तिची मतं म्हणजे दगडावरची रेघ. विकतचं खत नको, ते बाजारचं जेवण, पोट बिघडवतं. मासळी धुतलेलं पाणी माडाला, तांदळाचं धुवण मिरचीला. फांदी मागेल त्याला द्यायची, पण महिन्याभराने स्वतः बघायला जायची. मास्तरणीच्या अंगणात हिने दिलेला अनंत सुकलेला दिसला, तर आधी शांतपणे चहा प्यायली आणि मग तो मुळासकट उपटून घरी घेऊन आली. वर म्हणते, "सासरी उपाशी ठेवलेल्या चेडवाक माहेराक आणूक नको?"

मग खाण खोल गेली. खड्ड्यातलं पाणी पंपाने सतत उपसायचे, आणि इकडे आमच्या विहिरी खाली जायच्या. काकीची विहीर सगळ्यांत उंचावर, तीच आधी आटायला लागली. ती माझ्याकडे आली. शाळा मी फारशी केली नाही, पण वाचून वाचून लिहायला शिकले होते. अर्ध्या वाड्याची पत्रं माझ्याच हातची.

"वयनी, मामलेदाराक एक अर्ज लिव. कोणीतरी येवन बाव बघून जावंदे, इतक्याच."

मी म्हटलं, उद्या लिहिते.

आमचे हे खाणीच्याच ऑफिसात कारकून. ताटावरून मान वर न करता ते एवढंच म्हणाले की तुझं अक्षर साहेब ओळखतात. वाईट माणूस नव्हते हो ते. पण त्या 'उद्या'चे दोन महिने झाले. काकी रोज यायची. कधी चार भेंडे घेऊन, कधी मूठभर मिरच्या. अर्जाचं नावही काढायची नाही. शाई संपलीय, पाहुणे आलेत, हे सगळं मीच न विचारता सांगत बसायची.

चैत्रात तिच्या विहिरीचा तळ दिसला. कंपनीने खड्ड्यातून उपसलेल्या पाण्याचाच टँकर पाठवला. तो आधी आमच्या दारात थांबायचा, ऑफिसवाल्यांचं घर ना! मी हंडे-कळशा भरल्या आणि उरलेलं पाणी आबोलीला घातलं. कुंपणापलीकडे काकी कोरडं फडकं घेऊन पानं पुसत होती. मी दोन कळशा देऊ केल्या. तिने प्यायला एक घेतली, झाडांना नको म्हणाली. "माझ्याच बावीचा पाणी, आणि झाडांनी उपकार कोणाचे मानूचे?"

वैशाख सरता सरता मुलगा येऊन तिला मुरगावला घेऊन निघाला. बागेत तोवर काही उरलं नव्हतं. बसची वाट बघताना माझ्या तोंडून गेलं, "काकी, आज लिहिते गं अर्ज."

"नको गो. तुझ्या घोवाची नोकरी आसा. माका पयल्याच दिवशी कळला."

"मग रोज कशाला येत होतीस?"

"तुका लज वाटात म्हणान," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

लाज वाटली, नाही कोण म्हणतं? पण टँकर दारात येतच राहिला. त्या वर्षी माझी आबोली कधी नव्हे तशी फुलली. एकही फूल डोक्यात घातलं नाही, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. घातलं. रोज घातलं.