मुराळ्याचे टायर

आमचे थोरले साडू देवालासुद्धा दुसऱ्या देवाशेजारी उभं करून पारखल्याशिवाय नमस्कार करणार नाहीत. उभा जन्म जालन्यात बियाण्यांचे वाण शेजारी शेजारी लावून तपासण्यात गेला, आणि ती खोड घरात आली. चहा दोन वेगवेगळ्या चहापत्तींचा, दोन कपांत. दोन्ही प्यायचे आणि वहीत लिहायचं.

एकोणीसशे नव्वदनंतर त्यांनी औरंगाबादच्या एका हौशी माणसाकडून दोन दारांची लाल, पळणारी गाडी घेतली. इतकी बुटकी की बसलं की गुडघे छातीला लागत. सोबत परदेशी टायरचे चार-चारचे दोन संच आले, एक उन्हाळी, एक बारमाही. आता कोणते घालायचे? तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो! पण त्यांची एकुलती लेक आष्टीच्या पुढं दोन कोसांवर दिलेली. तिला भाऊ नाही, म्हणून पंचमीला तिला आणायला जाणारा मुराळी म्हणजे बापच. मुराळी आला नाही तर सून उंबरा ओलांडणार नाही, अशी सासरची रीत. आणि पंचमी येते भर श्रावणात.

त्या उन्हाळ्यात दर रविवारी मला हातात चुना देऊन मोकळ्या रस्त्यावर उभं केलं. साडू सुसाट यायचे, ब्रेक दाबायचे. गाडी थांबेल तिथं मी रेघ मारायची. मग चाकं बदलायची, रस्त्यावर पिंपभर पाणी ओतायचं आणि पुन्हा तेच. माझी पार चटणी झाली. शेवटी निकाल लागला.

"उन्हाळीच बराबर. वल्या रोडवर बी चार पावलं आधी थांबून राह्यली. बारमाही म्हंजी सगळ्यातलं थोडं थोडं, बिलकुल तुमच्यावानी."

पंचमीच्या आदल्या दिवशी मलाही कोंबून नेलं. आष्टीपर्यंत भर पावसात गाडी कशी सुतासारखी गेली. पुढं डांबर संपलं आणि काळी माती लागली. शंभर पावलांत टायरच्या खाचा चिखलानं बुजल्या, चाकं सारवल्यासारखी गुळगुळीत झाली आणि गाडी बसली.

"बारमाही असते तर?" मी मुद्दाम विचारलं.

"तरी बी बसली असती. माती तपासायची राह्यली," म्हणाले, आणि पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून चालू लागले. साठीला टेकलेला माणूस, दोन कोस चिखल तुडवत. मी मागून शिव्या घालत होतो.

लेक सकाळपासून पिशवी भरून ओट्यावर बसलेली. बापाचा अवतार पाहून आधी हसली, मग रडायला लागली.

"बाबा, गाडी?"

"येऊन राह्यली मागून," साडू म्हणाले. त्या खोट्यासाठी मला हा माणूस फार आवडला. मग व्याह्यांच्या बैलांनी गाडी ओढून काढली आणि लेक माहेरी आली.

पुढं तो रस्ता डांबरी झाला, लाल गाडी विकली गेली. लेक स्वतः गाडी चालवायला शिकली. "तुम्ही कशाला येता, मीच येते," म्हणाली. चांगलंच झालं म्हणायचं.

परवाच्या पंचमीला मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. साडू अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट घालून दारातल्या खुर्चीवर बसले होते.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठं न्हाई. ती धा वाजता येऊन राह्यली."

मी शेजारी बसलो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, चहा आणला, तो आम्ही प्यायलो. बूट मात्र त्यांनी काढले नाहीत.