हॉलिवूडच्या चाली, पिनरचे शब्द

अलकाचा फोन आला तेव्हा मी लंडनच्या कडेला, स्टॅनमोरच्या घरी बागेतली पानं गोळा करून नुकताच आत आलो होतो. "सुहास गेला रे," ती म्हणाली. "सकाळी चहा मागितला, मी घेऊन वर गेले तोवर... चेहरा अगदी शांत आहे. तू ये." सुहासची बायको अलका स्वतः डॉक्टर. तिच्या आवाजात रडू नव्हतं, थकवा होता, आणि त्या थकव्याखाली काहीतरी सैल झाल्यासारखं होतं. खोटं कशाला सांगू, मलाही आधी हायसंच वाटलं. फुप्फुसांच्या दुखण्यानं कित्येक महिने त्याला एक वाक्य सलग बोलू दिलं नव्हतं, आणि शब्दांवर जगलेल्या माणसाची ती दशा बघवत नव्हती. रडू नंतर आलं, पिनरला त्यांच्या घरी जाताना, एका लाल सिग्नलपाशी. सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबलेलाच होतो, आणि मागच्या गाडीतल्या इंग्रज माणसानं हॉर्नही वाजवला नाही...

इथल्या मराठी मंडळींना सुहास माहीत होता तो 'हॉलिवूडला गाणी लिहिणारा आपला माणूस' म्हणून. मला तो भेटला त्याच्या बराच आधी, ऐंशीच्या सुमारास, ब्रॅकनेलच्या एका कम्प्युटर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. जॅकेट पोटॅटोवर, म्हणजे सालासकट भाजलेल्या बटाट्यावर, घरून आणलेलं लिंबाचं लोणचं वाढून घेत होता. मी नुसतं बघितलं, तर बरणी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "घ्या, पुण्याचं आहे." पुढच्या आठवड्यात 'घ्या'चं 'घे' झालं. तो पिनरला राहायचा, माझ्या वाटेवरच, म्हणून मी त्याला रोज गाडीत घ्यायला लागलो. गाडीत रेडिओ लागला की हा गप्प बसायचा आणि गाण्याचं तिसरं कडवं येईपर्यंत त्याच चालीवर आमच्या मॅनेजरवर मराठी पद तयार असायचं. ही विद्या वडिलांची. ते पुण्यात गणपतीच्या मेळ्यांसाठी पदं लिहीत. गाजलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर आपले शब्द बसवायचे, ही मेळ्याची रीत. शब्द चालीत कोंबू नये, त्याला मांडी घालून बसता आलं पाहिजे, असं ते म्हणत. सुहास लहानपणी त्यांच्या शेजारी बसून बोटांवर मात्रा मोजायचा. ती सवय त्याची कधी गेली नाही. मीटिंगमध्येसुद्धा टेबलाखाली बोटं चाललेली असत.

हॉलिवूड त्याच्या आयुष्यात शिरलं ते कम्प्युटरच्या दारातून. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर संगीतकारांच्या घरी कम्प्युटर यायला लागले होते, आणि ते हमखास बंद पडत. सुहासच्या रस्त्यावर चार घरं सोडून पीटर नावाचा एक संगीतकार राहत होता. बऱ्याच अमेरिकन चित्रपटांचं संगीत तेव्हा लंडनला रेकॉर्ड होत असे, आणि तो त्यातलं काम करायचा. एका शनिवारी त्याचं मशीन अडकलं, शेजारधर्म म्हणून सुहास गेला. मशीन दुरुस्त झालं आणि त्यातून एक चाल वाजायला लागली. चालीवर पीटरनं तात्पुरते, निरर्थक शब्द घातलेले होते, अंडी, बेकन, टोस्ट असलं काहीबाही. बाप मुलीला आईकडे सोडून कायमचा निघतो, त्या शेवटच्या प्रसंगाचं ते गाणं. सुहासनं ते दोनदा ऐकलं, बोटं चालवली आणि म्हणाला, "सॉरी, पण या जागी 'लँडिंग लाइट' असं येऊ शकेल." इथल्या घरांत जिन्याच्या वरच्या टोकाला दिवा असतो, झोपताना मुलं तो चालू ठेवायला लावतात, त्याला लँडिंग लाइट म्हणतात. त्याची केतकी तेव्हा चार वर्षांची होती आणि त्या दिव्यावरून घरात रोज वाटाघाटी व्हायच्या. निघून जाणारा बाप मुलीच्या आईला दुसरं काही सांगत नाही, एवढंच सांगतो, की तो दिवा राहू दे... पीटरनं म्हणे ते शब्द लगेच लिहून घेतले. मग त्यानं सुहासला दुपारच्या जेवणाला थांबवून घेतलं.

गाणं अमेरिकेला गेलं. तिकडून निर्मात्यांचा फोन आला, सगळं सुंदर आहे, पण या बापाच्या घरावर विमान का उतरतंय? त्यांच्या लेखी लँडिंग लाइट फक्त विमानाला असतो! सुहासनं हसत हसत 'हॉल लाइट' केलं, तर एक मात्रा कमी पडली, आणि ती भरून काढायला त्यानं दोन शनिवार-रविवार घातले. चित्रपट हॅरोला लागला तेव्हा आम्ही दोन्ही कुटुंबं गेलो. नावं अगदी शेवटी येतात. थिएटर रिकामं झालं, झाडणारे आत आले, आम्ही आपले उभे. त्याचं नाव आलं आणि गेलं. तेवढ्या वेळात अलकाचा चष्माही पर्समधून बाहेर आला नव्हता. "कुठंय? कुठंय?" ती विचारत होती. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो.

मग कामं येत गेली. प्रेमाची गाणी, भांडणाची, एका कोल्ह्याचं अंगाईगीत. सकाळी ब्रॅकनेलला नोकरी, संध्याकाळी गाणी. गाडीतली मराठी पदं मात्र बंद झाली. तो खिडकीबाहेर बघत बसायचा. एकेका ओळीवर तिकडची पाच-सहा माणसं फोनवर मतं द्यायची, आणि मूळ ओळीतलं शेवटी 'द' आणि 'अँड' उरायचं, असं तो म्हणायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोठं बोलावणं आलं. कार्टून चित्रपट, त्यातली सगळी गाणी याची. पहिले खर्डे इथूनच पाठवायचे, पण पुढे लॉस एंजेलिसला येऊन राहायचं, निदान काही वर्षं. आम्ही सगळे हरखून गेलो. कुणी पेढे वाटले, कुणी भाषण केलं. अलकानं हॉस्पिटलला कळवून टाकलं, सुहासनं नोकरी सोडली, घरासमोर 'विकणे आहे'चा बोर्ड लागला. निरोपाच्या जेवणात सगळ्यांत कमी जेवला तो सुहास. मला वाटलं, दगदग झाली असेल.

आणि एका शुक्रवारी अलकाचा फोन आला. चित्रपट कच्च्या स्वरूपात तिकडे काही प्रेक्षकांना दाखवला होता, त्यांना गाणी लांबली असं वाटलं. चित्रपट राहणार होता, गाणी जाणार होती. एकूण एक. बोलावणंही रद्द. मी आणि माझी बायको सांत्वनाला निघालो. गाडीत काय बोलायचं ते ठरवत होतो. दार उघडंच होतं. आत भाजणीच्या थालीपिठाचा खमंग वास. सुहास ओट्यापाशी उभा राहून तव्यावरचं गरम थालीपीठ तसंच खात होता. आम्हाला बघून म्हणाला, "या, या! लोणी काढ रे फ्रिजमधून."

"अरे, सुहास... आम्हाला फार वाईट वाटलं," माझी बायको म्हणाली.

"मला नाही वाटत," तो म्हणाला. मग तवा खाली ठेवून त्यानं दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "वाचलो मी. तुम्हाला कळणार नाही किती... मला जायचंच नव्हतं."

अलका दारात उभी होती. तिचा चेहरा लाल झाला. "जायचं नव्हतं? मग आधी का नाही बोललास?"

"कसं बोलणार? सगळे म्हणत होते, काय भाग्य आहे. तू तर नोकरी सोडायला निघालीस माझ्यासाठी."

"मी तुझ्यासाठीच हो म्हटलं, मूर्खा! मला काय करायचंय त्या उन्हात जाऊन?"

जिन्यावरून केतकी धावत आली. "म्हणजे आपण नाही जाणार? रिअली? माझा स्कूल सेम राहणार? ओ, मी सो हॅपी झालो!"

"झाले म्हण," अलका सवयीनं म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मग ते थांबेचना. सुहासही हसत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते नेमकं कशाचं हे कुणी विचारलं नाही. थालीपिठं संपल्यावर सुहासनं आणि मी घरासमोरचा तो बोर्ड उपटला. उपटल्यावर आठवलं की तो एजंटच्या मालकीचा आहे. मग शेडमागे नेऊन आडवा ठेवला.

ब्रॅकनेलची नोकरी त्याला परत मिळाली, आठवड्यातले तीनच दिवस. पीटरबरोबर तो शेवटपर्यंत लिहीत राहिला, पण पिनरला बसून, आणि एखादी गोष्ट आवडली तरच. नव्वदच्या दशकात त्याची आणखी बरीच गाणी पडद्यावर आली. काही चांगली होती, काही ठीक. गाडीत मॅनेजरवरची पदंही पुन्हा सुरू झाली. मॅनेजर बदलला होता, चाली नव्या होत्या. मला विचाराल तर त्याची उत्तम रचना त्यातलीच. ती छापण्यासारखी नाही.

मी त्याला शेवटचं भेटलो ते जाण्याच्या चार-पाच दिवस आधी. उशांना टेकून बसला होता. मी धीर करून विचारलं, "काही लिहायचं राहिलं का रे?" त्यानं थांबत थांबत, श्वास गोळा करत उत्तर दिलं, "राहिलं नाही... उलट दोन-तीन... लिहायला नको होती." आणि डोळे मिचकावले. मी जिना उतरलो तो हसतच.

परवा गुरुवारी पिनरला गेलो होतो. अलका चहा टाकत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात हातात अवजारांची पेटी घेतलेला एक वयस्क गृहस्थ. मागच्या खोलीत सुहासचा जुना उभा पियानो आहे, तो सुरात लावायला हे गृहस्थ दर सहा महिन्यांनी येतात. पुढची भेट सुहासनंच आजारपणात ठरवून ठेवलेली. त्यांना काही कळलेलं नव्हतं. अलकानं सांगितलं. ते ओशाळले, टोपी काढली, निघायलाच लागले. "नाही, नाही," अलका म्हणाली, "आलात तर लावून जा."

तासभर आम्ही स्वयंपाकघरात बसून ऐकत होतो. एकच स्वर, पुन्हा तोच, जरा चढा, जरा उतरता, पुन्हा तोच. "सुहास यांना एकसुरी कीर्तनकार म्हणायचा," अलका म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसली. काम झालं. गृहस्थांनी खात्री करायला दोन्ही हातांनी एक भरदार स्वरमेळ वाजवला, तो घरभर पसरला आणि हळूहळू विरला. दारात जाऊन ते घुटमळले. पुढची वेळ विचारावी की नाही, हे त्यांना कळत नसावं.

अलकानंच विचारलं, "वसंतात याल ना? सकाळी या. दुपारी माझं क्लिनिक असतं."