चारच्या गाडीसाठी हार्ड डिस्क

माझे बाबा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. महाडहून निघून वरंधचा घाट चढायचा आणि उतरायचा, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. रिटायर झाल्यावर ते गावच्या घरी, वरंधला, ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना नावं ठेवायचे.

धाकटा भाऊ मुंबईत असतो. त्याच्या रात्रंदिवस खेळण्यावरून वहिनीने एकदा निर्वाणीचं सांगितल्यावर त्याने घरातला गेमचा कन्सोल उचलला आणि गावी आणून टीव्हीला जोडला. त्यात बस चालवायचा एक खेळ होता. परदेशातलं स्वच्छ शहर, रस्त्यावर एक म्हैस नाही. बाबांनी पहिल्या दिवशी दहा मिनिटं बस चालवली आणि कंट्रोलर खाली ठेवला.

"कंडक्टर कुठं हाय?"

कंडक्टर नव्हता. मग आईला स्टुलावर बसवलं. पितळेच्या वाटीवर चमचा दोनदा वाजला की गाडी सुटायची, एकदा वाजला की थांबायची. आईने ते काम इतकं मनावर घेतलं की घंटीविना गाडी हलवली तर बाबांचा संध्याकाळचा चहा बंद.

एकदा शेजारची काकी विरजण मागायला आली ती तशीच चटईवर टेकली. "ही कुठं जाते?" तिने विचारलं.

"नदीच्या पल्याड," बाबा म्हणाले.

"मंग मी येते."

दुसऱ्या दिवशी ती आणखी दोघींना घेऊन आली. पंधरा दिवसांत आमची दुपारी चारची गाडी भरून जायला लागली. खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडणं झाली. काकीला वळणावर मळमळायचं म्हणून ती पदराला लिंबू बांधून यायची. मी महाडला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत गेले तर मला बसायला जागा नव्हती, भिंतीला धरून उभ्याने गेले.

शिमग्याला भाऊ आला आणि त्याने मुंबईहून आणलेल्या सीडीवरून क्रिकेटचा एक भलामोठा खेळ स्वतःसाठी भरायला घेतला. कन्सोलमध्ये जागा उरली नव्हती, तेव्हा त्याने कुणाला न विचारता बस काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला निघून गेला आणि चार वाजता सगळे पॅसेंजर जमले. बाबा उंबऱ्यात उभे राहिले.

"गाडी रद्द."

"आसं कसं रद्द?" काकी म्हणाली. "मंग आमी जायाचा कसा?"

"तुला जायाचंय कुठं?"

"ते तुमी इचारू नका. गाडी सोडा."

भावाने फोनवर क्रिकेट काढायला साफ नकार दिला. म्हणाला, बाहेरून जोडायची डिस्क घ्या, तिच्यावर बस राहील. शनिवारी दुपारी बाबा महाडला माझ्या दारात हजर, मागे काकी.

"काकी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"पाशिंजरांचं म्हननं मांडाया नको?"

चवदार तळ्यामागच्या गल्लीत एक दुकान आहे. दुकानदार शांत, चष्मा लावणारा माणूस. त्याने काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. "ही हार्ड डिस्क. आत चकती फिरते. जागा भरपूर, पण खेळ सुरू व्हायला वेळ लागतो. ही एसएसडी. हिच्यात काही हलत नाही. झटकन सुरू होते, पण तेवढ्याच पैशात जागा कमी."

"घाटात कोनती बरी?" बाबांनी विचारलं.

दुकानदार इथलाच होता, हसला नाही. "काका, घाट दोन्हीला सारखाच."

"आनि वलनावर कोनती कमी लागते?" काकी म्हणाली.

"म्हणजे?"

"उलटीचं विचारतायत," मी म्हणाले.

त्याने खरोखर विचार केला. "त्यात डिस्कने फरक पडत नाही, काकी. तुम्ही टीव्हीपासून जरा लांब बसा." मग बाबांकडे वळून म्हणाला, "एक अडचण आहे. या कन्सोलसाठी काढलेले नवे खेळ बाहेरच्या डिस्कवर नुसते ठेवता येतात, तिथून चालत नाहीत. आधीच्या कन्सोलचे जुने खेळ मात्र थेट चालतात. तुमची बस नवी की जुनी?"

बाबांचा चेहरा उतरला. "जुनी असली म्हनून काय झालं?"

"जुनी असेल तरच चालेल, काका."

उभ्या नोकरीत बाबांना हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. ते ताठ झाले. मी भावाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजला, "जुनी आहे." मीही नकळत कुजबुजतच ते पुढे सांगितलं.

"कोन गेलं काय गो?" काकीने घाबरून विचारलं.

दुकानदाराने दोन्ही डिस्क त्याच्या कॉम्प्युटरला लावून दाखवल्या. बाबांनी हार्ड डिस्क तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. "हिचं इंजिन चालू हाय." मग एसएसडी घेतली. बराच वेळ थांबले. "ही बंद हाय."

"बंद नाही, ती अशीच असते."

"मंग बिघडली तर कळनार कसं?"

मी म्हणाले, "बाबा, पण ही लवकर सुरू होते." बाबांनी माझ्याकडे नवख्या ड्रायव्हरकडे बघावं तसं बघितलं. "गाडी लागल्यावर पाशिंजर चढायला वेळ नको?"

हार्ड डिस्क घेतली. चालू असताना हलवू नका, वायर उपसू नका, असं दुकानदाराने बजावलं. काकीने तेवढं 'हलवू नका' मनात धरलं आणि वरंधपर्यंत एसटीत ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर नेली. रस्ता खराब लागला तेव्हा ती ड्रायव्हरला ओरडून म्हणाली, "हलू चालव रे, मांडीवर गाडी हाय!" बाबा त्याच्या मागच्याच सीटवर होते. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं.

घरी डिस्क जोडली तसा बाबांचा फोन आला. "सगळं पुसून टाकू काय, इचारतंय."

"हो म्हणा. नवी आहे, पुसायला काही नाही तिच्यात."

तरी त्यांनी आईला विचारलंच. मग बस उतरायला तीन दिवस लागले, कारण मोबाइलच्या नेटला तिथे तेवढाच जोर. तिन्ही दिवस काकी सकाळ-संध्याकाळ चौकशीला येऊन गेली.

चौथ्या दिवशी चारची गाडी लागली, मीही रजा टाकून गेले होते. बाबांनी बटण दाबलं आणि पडद्यावर नुसती पांढरी रेघ सरकत राहिली. आधी बस चटकन निघायची. आता तेवढ्यात कुणी पान लावलं, कुणी सुनेचं सांगितलं, आईने स्टुलावरूनच काकीला लोणच्याचं प्रमाण विचारलं. बाबाही कंट्रोलर मांडीवर ठेवून बोलायला लागले. मी त्यांना घरात इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात भावाने मुंबईहून स्वतःच्या पैशाने एसएसडी आणली. केलेल्या चुकीची भरपाई, असं त्याच्या मनात असावं. म्हणाला, आता गाडी लगेच सुटेल.

पॅसेंजर एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी काकीने त्याला डबी परत दिली. "तुझ्या क्रिकेटला लाव, बाला. गाडी लगेच सुटली तं आमी बोलायाचा कवा?"