पेटीतले बूट

आमच्या सरांना, म्हंजी माझ्या मालकांना, डोंगराचं येड. गोरेगावच्या शाळेत शिकवायचे अन् सुट्टी लागली की गड चढायला निघायचे. तेबी बराबर हाय. पण पुण्याला गेले की नवी पाठपिशवी, नवा तंबू, नवे बूट. अन् चढायचे काय घालून, तर जुनी चप्पल. नवं सगळं लोखंडी पेटीत, डांबरगोळ्या टाकून. "चांगल्या टायमाला काढू," म्हणायचे. दर दसऱ्याला त्या सामानाला ऊन दाखवायचं काम माझं. माझ्या लुगड्यांना पेटीत जागा न्हाई, अन् ह्यांचे बूट आरामात झोपलेले.

"मला कवा नेता?" मी इचारायची.

"तुला झेपंल का, नीला?"

दिवसभर रानात वाकणाऱ्या बाईला इचारायची गोष्ट हाय का ही?

दोन हजार तीनच्या नवरात्रात मी हटूनच बसले. कळसूबाईची ओटी भरायची माझी लई वर्सांची इच्छा. सरांनी पेटीतले सगळ्यात भारी बूट काढले. मी माझी चप्पल घातली, गावातल्या ग्यानोबानं टायरचा तळ ठोकून दिलेली.

अर्ध्या डोंगरावर सरांच्या एका बुटाचा तळ सुटला, मग दुसऱ्याचा. पेटीत पडून पडून आतल्या रबराचा पार भुगा झालेला. सर मोज्यांवर खडकावर बसले. मला हसूबी येऊन राहिलं अन् रडूबी. इथवर येऊन ओटी तशीच परत न्यायची का?

मी खाली वळले, तर त्यांनी हात धरला. "तू काहून परत चालली? जा वर." मागून पायथ्याच्या बारी गावच्या बाया येत होत्या. त्यांना म्हणाले, "हिला संगं न्या."

लोखंडी शिड्या धरून धरून वर गेले. देवीची ओटी भरली. वारा असा की पदर ठरंना.

खाली आले तर सर तिथंच. "कसं हाय वर? सांग." मी सांगत राहिले. वर्गात कुणाला बोलू न देणारा माणूस, एकदाबी मधी बोलला न्हाई. मग तळ सुतळीनं बांधून आमी उतरलो.

घरी येऊन त्यांनी पेटी रिकामी केली. तंबू-पिशव्या शाळेतल्या पोरांना वाटल्या. एक जोड ठेवला, त्यालाबी ग्यानोबाकडून टायरचा तळ लावला. तो झिजून जाईस्तोवर नवा घेतला न्हाई. दुकानापुढं मान वळायची त्यांची, मग मी चिमटा काढायची.

देवीचे उपकार तर हायेतच. पण मी त्या तुटक्या बुटांचेबी मानते. ते टिकले असते, तर सर पुढं चालले असते अन् मी त्यांची पाठ बघत वर गेले असते.