म्हणे, आम्हाला सुटी सोसत नाही

कापसाच्या जिनातल्या दिवाणजीनं छत्रीचं टोक माझ्या तोंडावरच्या फडक्यात अडकवलं आणि फडकं खाली ओढलं. हातानं नाही ओढलं. आम्ही महार. आमच्या अंगाला त्याचा हात लागत नसे, छत्री लागलेली चालायची. टोक हनुवटीला घासलं, रक्त आलं. सरकी काढायचे रेचे चालूच होते. ओळीतल्या बायकांचे हात कापूस घालायचे थांबले नाहीत, पण पाहिलं सगळ्यांनी.

"काहून वं, मालकीण झाली काय? तुले रुईचा वास येऊन राह्यला?"

कुणीतरी हसलं. भिऊन हसलं असेल. मी तेव्हा पंधरा वर्षांची, मला भिऊन हसणं कळत नव्हतं. मी तोंड उघडणार तोच शेजारच्या रेच्यावरून माय उठली. त्याच्यापासून चार हात लांब तिनं जमिनीवर डोकं टेकलं.

"लेकरू हाय जी. चुकलं तिचं." मग माझ्याकडे वळली. "सोड ते. सोड म्हनलं ना."

फडकं गळ्यात लोंबत होतं. ओली गाठ मला सुटेना. शेवटी मायनंच सोडली. तिच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुई होती. ती खोकत होती आणि खोकता खोकता त्याची माफी मागत होती.

आम्ही कामरगावचे. बाप गेल्यावर माय आम्हा दोघी बहिणींना घेऊन जवळच्या बाजाराच्या गावी आली, कारण तिथं जिन होतं. मोठी शेड, पत्र्याचं छप्पर, खिडक्या बंद. खिडकी उघडली की वाऱ्यानं रुई उडून जाते, म्हणून बंद. ओळीनं रेचे, प्रत्येक रेच्यासमोर एक बाई. कापूस घालायचा, सरकी खाली पडायची, रुई पुढं जायची. जी उडायची ती आमच्यात जायची.

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, जिन बंद असे. आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी काय व्हायचं ते ओळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. दुपारपर्यंत छाती आखडायची. छातीवर पाटा ठेवल्यागत. अंगात कणकण. मग दोन-तीन दिवसांत जरा सैल पडायचं, आठवडा सरेस्तोवर बरं वाटायचं, आणि पुन्हा बाजार.

यावरून बायकांनी एक गोष्ट पक्की धरली होती. सुटीच बाधते. बसून राहिलं की छाती आखडते.

हसू नका. आम्हाला शिकवलं होतं कुणी? रोज जे भोगलं त्यावरूनच आम्ही हिशोब लावला, आणि तो उलटा लागला. दिवाणजीनं त्याला खतपाणी घातलं. म्हणायचा, "तुमचं आंग कामाचं हाय. बसलं की बिघडते." आणि बाजाराच्या दिवशी दोन-तीन बायकांना आपल्या घरी बोलवायचा. मागच्या अंगणात जुन्या गाद्यांचा कापूस काढून ठेवलेला असे, वर्षानुवर्षांच्या धुळीनं गोळा झालेला. पिंजारी यायच्या आधी तो हातानं मोकळा करायचा. दाम नाही. औषध म्हणून करायचं. माय दर बाजाराला जायची. खुशीनं जायची.

पाऊसकाळात जिन बंद राही तेव्हा माय आम्हाला घेऊन मंगरूळपीरकडे मामाकडे जायची. निंदणी करायची, दिवसभर वाकून असायची, आणि खोकला जायचा. पाठ टेकवून गाढ झोपायची. म्हणायची, "माहेरचं पानी मानवते मले."

मला उमगलं ते जिनाच्या मालकामुळं. तो महिन्यातून एखाद्या वेळी शेडमध्ये चक्कर मारायचा, या दारातून त्या दारापर्यंत, आणि तेवढ्यात पांढरा रुमाल नाकावरून काढायचा नाही. माझ्या मनात आलं, दोन घटका येणारा माणूस नाक झाकतो, मग आपण दिवसभर का उघडं ठेवायचं? बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी जुन्या लुगड्याचं फडकं ओलं करून तोंडाला बांधलं. दुपार झाली. छाती आखडली नाही. संध्याकाळ झाली, तरी नाही. घरी येताना मी मायला सांगितलं, "माय, सुटीनं नाही होत. रुईनं होते."

ती धापा टाकत हसली. "मालकाचं नाक येगळं, आपलं येगळं."

दुसऱ्या दिवशी छत्री आली, ती वर सांगितली. त्यानंतर मी फडकं बांधलं नाही. मायच्या शब्दाखातर सोडून दिलं. मी बांधलं असतं, अडून बसले असते, तर तिनंही कधी तरी बांधलं असतं का? हा प्रश्न मी अजून गिळू शकलेले नाही.

पौषात तिला चालवेना तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओसरीवर खुर्चीत, आम्ही खाली अंगणात. त्यानं तिथूनच विचारलं, "विडी ओढतेस?"

"नाही जी."

"मग तंबाखू खात असशील. तुमच्या लोकांत हा खोकला असायचाच."

मी म्हटलं, "तिच्या छातीले नळी लावून पहा जी." त्याच्या गळ्यात नळी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. कंपाउंडरनं आमच्या बाटलीत वरून लाल पाणी ओतलं. काय काम करतेस, हे तिला कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी माझा कान तिच्या छातीला लावला. सुकलेल्या पाचोळ्यावरून कुणी चालतंय असा आवाज होता. एवढीच तिची तपासणी झाली.

फाल्गुनातल्या बाजाराच्या दिवशी माय सकाळीच दिवाणजीकडे निघाली. मी दारात आडवी आले. म्हणाली, "आज गेली नाही तं उद्या मरीन मी." मी बाजूला झाले. दुपारी निरोप आला की तुझ्या मायला घेऊन जा. मागच्या अंगणात ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर गादीचा कापूस, ओठ निळे. मला पाहून म्हणाली, "थोडाच राह्यला. उद्या छाती मोकळी राहीन, पाह्यजो."

वस्तीपर्यंत आणेस्तोवर ती गेली.

पाचव्या दिवशी मुकादमीण घरी आली. रेच्यावरची जागा मायमागं लेकीला जायची, अशी जिनाची रीत. लोक त्याला उपकार मानत. "दिवाणजीनं सांगतलं, उद्यापासून धाकटीले बसव." धाकटी दहा वर्षांची. चुलीपाशी भाकरीचा तुकडा मोडत होती.

मी तशीच उठले. तोंडाला फडकं बांधलं आणि जिनाच्या फाटकाशी गेले. दिवाणजी बाहेर आला.

"आंधी ते सोड. मंग बोल."

"सोडत नाही," मी म्हटलं. "धाकटी येनार नाही. मीबी येनार नाही. माही माय सुटीनं नाही मेली. तुमच्या रुईनं मेली, अन् तुमच्या गाद्याच्या कापसानं मेली."

"उपाशी मरान दोघी."

"मरू. पन श्वास घेऊन मरू."

आत ओळीतल्या बायकांनी ऐकलं. एकही उठली नाही. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही घरी चुली होत्या. आम्ही दोघींनी नंतर भाजीच्या मळ्यात पाणी धरलं, शेण काढलं, कित्येक दिवस अंबाडीच्या भाजीवर काढले.

पण पुढच्या बाजाराच्या दिवशी पहाटेच मी दिवाणजीच्या वाटेवर जाऊन बसले. त्याच्याकडे जाणारी जी बाई आली तिला थांबवलं आणि माझ्या मायचं सगळं सांगितलं. दोघी मला शिव्या देऊन पुढं गेल्या. एक उभी राहिली, ऐकून घेतलं, आणि तीही गेली. त्याच्या पुढच्या बाजाराला मी पुन्हा त्या वाटेवर होते. जिन आहे तोवर दर बाजाराला मी तिथं बसणार होते.